कोळशाचा डबा

"बाबा, पाच वाजता माणसं गाडी बघायला येणार आहेत, आणि तुम्ही ती खोलून बसलाय?"

मंजिरी दारात उभी होती. कडेवर तिची सात महिन्यांची मुलगी. मी बॉनेटखाली वाकलो होतो. गाडीची बॅटरी काढून पायरीवर ठेवली होती.

"दोन तासांचं काम आहे," मी म्हणालो.

"दोन तासांपूर्वीपण हेच म्हणालात."

"तेव्हा सुरू केलं नव्हतं."

"मग काय करत होतात सकाळपासून?"

काय करत होतो ते मला सांगता आलं नसतं. हत्यारांच्या पेटीतले पाने काढले होते, पुसले होते, परत पेटीत ठेवले होते. दोनदा चहा केला होता आणि दोन्ही वेळा कप कुठं ठेवला ते विसरलो होतो. फाटकापर्यंत जाऊन परत येत होतो. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि शालनला, माझ्या बायकोला, जाऊन तीन महिने.

पायरीवर वर्तमानपत्र पसरून मी नवे पार्ट मांडले होते. एक काळा प्लास्टिकचा डबा, एक छोटा व्हॉल्व, हातभर रबरी पाइप, चार क्लिपा आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण. दुकानात त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात, आम्ही कोळशाचा डबा म्हणतो, कारण आत कोळशाचे दाणे असतात. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर जाऊ नये म्हणून पाइपातून ह्या डब्यात आणतात. कोळसा ती धरून ठेवतो, आणि इंजिन चालू झालं की व्हॉल्व उघडून ती इंजिनात ओढली जाते. डबा बिघडला की वाफ धरत नाही. मग गाडीत पेट्रोलचा वास येतो.

एवढं सगळं मला माहीत होतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीतही माहीत होतं. तेव्हा मी बॉनेट उघडलं नव्हतं.

"विकायचीच आहे ना?" मंजिरी म्हणाली. "मग नवीन पार्ट कशाला? घेणारे बघतील त्यांचं ते."

"वासाची गाडी कुणाच्या गळ्यात घालायची नाही."

"मला नाही येत वास."

"तू बसतेस कुठं तिच्यात?"

ऑगस्टपासून ती त्या गाडीत बसली नव्हती. दिवाळीला आली तेव्हा स्टँडवरून रिक्षानं आली, बाळ आणि दोन बॅगा घेऊन, आणि मी गाडी घेऊन स्टँडवरच उभा होतो.

"नाही बसत," ती म्हणाली. "ह्या गाडीनंच आईला..." पुढचं तिनं गिळलं. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बाळंतपणात मी रोज विचारायचे, आई जेवलीस का. ती म्हणायची, गाडीतून आले ना, त्या वासानं जीव कसासाच झालाय, नंतर जेवीन. मी बरं म्हणायचे. बरं म्हणायचे आणि झोपायचे."

मी पान्यानं काहीच नसलेल्या जागी उगाच आवळलं.

मला वास येत नाही. पेट्रोलचाच नव्हे, कशाचाच. उद्यमनगरातल्या एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मशिनं दुरुस्त केली. तिथल्या टाक्यांच्या वाफेत नाक कधी गेलं ते कळलंही नाही. घरात वास घ्यायचं काम शालनचं. दूध लागलं, आमटी आंबली, गॅस उघडा राहिला, सगळं ती सांगणार. मी त्यावर कधी शंका घेतली नाही. पण त्या दिवाळीत निपाणीला तिच्या बहिणीकडे जाताना ती म्हणाली, "अहो, गाडीत पेट्रोलचा वास येतोय. मळमळतंय मला," तेव्हा मला राग आला. जन्मभर मशिनं उघडलेल्या माणसाला बायको सांगणार, तुमच्या गाडीत बिघाड आहे.

"काच खाली कर," मी म्हणालो.

तिनं काच खाली केली. नंतर सगळा हिवाळा ती काच खाली करूनच बसायची, कानाला रुमाल बांधून.

फेब्रुवारीत माझं बीपी तपासायला आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या दंडाला पट्टा बांधता बांधता ते शालनकडे बघून म्हणाले, "वहिनी, बारीक झालात. जेवण जातंय ना?"

मी तिच्या आधी बोललो. "गाडी लागते तिला. पेट्रोलचा वास येतो म्हणते."

शालननं माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, "हो, वासच. दुसरं काही नाही."

मेच्या शेवटी तपासण्या झाल्या. पोटाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, मळमळ कधीपासून होती? मी सांगितलं. ते म्हणाले, मग इतके दिवस कुठं होतात? ऑगस्टच्या चौदा तारखेला ती गेली.

म्हणून मी त्या रविवारी गाडी खोलली. डबा खराब निघाला, तर वास खरा होता. मग मी डॉक्टरांना जे सांगितलं ते निदान खोटं नव्हतं, कुणालाही तसंच वाटलं असतं. डबा चांगला निघाला, तर वास नव्हताच. मग तिला आतून काहीतरी होत होतं आणि मी गाडीचं नाव पुढं केलं होतं. आयुष्यात इतकी मशिनं उघडली, पण पार्ट खराब निघावा म्हणून देव आठवला तो त्या दिवशीच.

आधी टाकीचं जुनं झाकण काढलं. ते हातात घेतल्यावर पंप आठवला. पंपावर माझं एकच सांगणं असायचं, "टाकी फुल, आणि राउंड फिगर कर." टाकी भरली की नळी आपोआप कट होते. पण आकडा गोल आला पाहिजे म्हणून पंपावरचा माणूस आणखी दोन-तीनदा दाबायचा, आणि पेट्रोल पार गळ्याशी यायचं. सगळेच तसं करतात. त्या हिवाळ्यात मात्र शालन मध्येच बोलायला लागली होती.

"बास, कट झालं. बंद करा."

"अगं, राउंड करू दे की. सुट्ट्यासाठी कटकट नको."

"माझ्याकडं आहेत सुट्टे. बंद करा म्हणते ना!"

पंपवाला एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचा. मी तोंड फिरवून घ्यायचो. प्रत्येक वेळी तेच. ती पदराच्या गाठीतून सुट्टे काढून द्यायची आणि मी गाडीत बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवायचो.

झाकण बाजूला ठेवून मी डब्याकडे वळलो. तो बॅटरीच्या खालच्या अंगाला असतो, म्हणून आधी बॅटरी काढावी लागते. टॉर्च तोंडात धरून हात आत घातला, तर क्लिप हाताला वेगळी लागली. गाडीबरोबर येते ती स्प्रिंगची क्लिप असते, चिमट्यानं दाबून काढायची. ही स्क्रूची होती. दुसऱ्या पाइपावर बघितलं. तीही स्क्रूची. आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर एकेक जांभळा ठिपका.

माझे हात थांबले.

डबा सोडवून बाहेर काढला. प्लास्टिकच्या पार्टवर तो कधी तयार झाला त्याची घड्याळासारखी एक गोल खूण असते. मधे वर्ष, आणि बाण महिन्यावर. गाडी नऊ वर्षांची होती. हा डबा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा होता.

मी तो कानाशी हलवला. ओलं काही वाजलं नाही. तोंड लावून फुंकलं, हवा सरळ पार झाली. तरी मन मानेना. डबा बिघडला की पेट्रोल पिऊन जड होतो. मी तो, त्याच्या क्लिपा आणि नवा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. चकलीची भाजणी मोजायला शालननं घेतलेला काटा ओट्याखाली होता. आधी हा डबा ठेवला, मग नवा, मग परत हा. वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक. चालू गाडीतल्या चांगल्या डब्यात तेवढा असणारच.

"बाबा, तो घाणेरडा डबा आईच्या काट्यावर?" मंजिरी बाळाला झोपवून बाहेर आली होती.

"बदललेला आहे," मी म्हणालो.

"काय?"

"हा डबा. कुणीतरी आधीच बदललाय. मागच्या हिवाळ्यात."

"तुम्ही?"

"मी नाही."

तिनं खाली ठेवलेली क्लिप उचलली, उजेडाला धरली आणि तिचा चेहरा बदलला.

"ही माझी नेलपॉलिश आहे."

"कशावरून?"

"असला रंग अख्ख्या कोल्हापुरात मीच एकटीनं लावला असेल. कॉलेजात असताना घेतली होती. आई म्हणाली होती, वांगी चिरून आल्यासारखी दिसतायत बोटं." ती आत गेली, खण उघडल्याचा आवाज आला, आणि बाटली घेऊन आली. तळाशी थोडी उरली होती. तिनं नखावर एक थेंब लावून क्लिपेशेजारी धरला. तोच रंग.

आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत होतो.

"म्हणजे आईनं घरीच दुरुस्त करून घेतली," ती म्हणाली. मग हळूच, "मग त्यानंतर तिला वास कसला येत होता?"

मी डबा काट्यावरून उचलला.

"कधी केलंय हे, बाबा? मी बाळंतपणाला यायच्या आधी की नंतर?"

"विचारून येतो."

"कुणाला?"

आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यायची सवय आमच्या भागात एकाच माणसाला होती. मागच्या गल्लीतला गॅरेजवाला बाबालाल मुल्लाणी. ठिपका असला की नट आवळलाय, नसला की राहिलाय, असा त्याचा हिशोब. सात वर्षांपूर्वी क्लचप्लेटवरून मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालो होतो. तेव्हापासून गाडीची कामं मी घरीच करत होतो, आणि रस्त्यात तो दिसला की दुसरीकडे बघत होतो.

"मीपण येते," मंजिरी म्हणाली.

"बाळ उठेल."

डबा कापडी पिशवीत घालून मी निघालो. चप्पल उलटीसुलटी घातली होती ते कोपऱ्यावर लक्षात आलं.

बाबालाल एका रिक्षाखाली आडवा झाला होता. नुसते पाय दिसत होते.

"बाबालाल."

"कोन?"

"आनंदा लोहार."

पाय हलायचे थांबले. तो सावकाश बाहेर आला, उठला, चिंधीला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत होता.

"बोला आनंदाभाऊ. वाट चुकला काय?"

मी डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं एक नजर टाकली.

"काढला कशाला? चांगला हाय की."

"तू बसवलास?"

"मीच. जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही कंपनीच्या कामाला सुरतेला गेलता."

"मला का सांगितलं नाहीस?"

"घ्या! सात वर्षं तोंड बघत नाही माझं, आणि सांगायचं कुणाला? भिंतीला?" पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानं एक स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. मी बसलो नाही. "वहिनी आल्या हितं. म्हणल्या, मला गाडी चालवता येत नाही, घरी येऊन करशील काय. तुमच्या दारातच बसून केलं. टॉर्च धरून उभ्या राहिल्या वहिनी. पाइप कुठला, व्हॉल्व कुठला, सगळं विचारत होत्या. मी रंगाची डबी विसरलो, तर पोरीची नखाची बाटली आणून दिली. म्हणलं, वहिनी, इंजिनाला मेंदी काढली बघा तुम्ही. लई हसल्या."

"आणि जुना डबा? तो कसा होता?"

"पेट्रोल पिऊन टम्म! धार लागली काढताना. म्हणलं, हे कशानं झालं म्हायती हाय काय? टाकी गळ्यापर्यंत भरताय म्हणून. कट झाल्यावर वरनं दाबलेलं पेट्रोल ह्या डब्यात येऊन बसतं. तर म्हणल्या, राउंड फिगर."

म्हणजे वास खरा होता. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. डबा खराब होता, माझ्या सवयीनं खराब झाला होता, पण वास खरा होता. मी डबा उचलून पिशवीत घातला.

"बरं. येतो मी."

"थांबा की. च्या सांगतो."

"नको. पाच वाजता माणसं यायची आहेत."

"आनंदाभाऊ," बाबालाल म्हणाला, "आलाय तर सगळं ऐकून जावा."

मी गॅरेजच्या दाराला हात लावून उभा राहिलो.

"पंधरा दिवसांनी वहिनी परत आल्या. म्हणल्या, वास जाईना. तुम्ही मोटरसायकलीवर कामाला गेलता. मी येऊन सगळं तपासलं. काचा लावून आत अर्धा तास बसलो. काय नाही. म्हणलं माझं नाक ग्रीस खाऊन मेलं असंल, म्हणून सुनंला बोलवून आणली. तिला पाचवा महिना होता, शेजाऱ्याच्या फोडणीनं उलटी करायची. ती तुमच्या गाडीत शेंगा खात बसली. म्हणली, अब्बा, कसला वास?"

मी आता स्टुलावर बसलो होतो. कधी बसलो ते आठवत नाही.

"वहिनी गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. मीच म्हणलं, वहिनी, गाडीला काय झालेलं नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवा. म्हणल्या, मला वाटलंच होतं. घरात, चुलीपुढंसुद्धा मळमळतंय. म्हणलं, मग उद्याच जावा. तर म्हणल्या, एप्रिल होऊ दे."

"एप्रिल का?"

विचारताना मला उत्तर माहीत होतं.

"पोरगी यायची होती न्हवं बाळंतपणाला. पहिलटकरीण. म्हणल्या, मी दवाखान्यात झोपले तर तिचं कोन करणार? म्हणलं, आनंदाभाऊला तरी सांगा. म्हणल्या, त्यांना सांगितलं की ते मंजिरीला सासरीच ठेवतील, आणि तिला कळलं तर ती यायचीच नाही. पोटुशी पोर झुरत बसंल. त्यापरीस गाडीचं नाव बरं. गाडीला काय दुखणार हाय." बाबालालनं चिंधी खाली टाकली. "मला शपथ घातली. माझ्या नातवाची, अजून जन्मायचा होता तवा."

रिक्षावाला गिऱ्हाईक आत डोकावला. बाबालालनं त्याला हातानंच घालवलं.

मला डॉक्टरांचं टेबल दिसत होतं. दंडावर आवळत जाणारा पट्टा, आणि शालनचं ते माझ्याकडे बघणं. त्या वेळी तिला सगळं माहीत होतं. मी तिच्या आधी बोललो होतो.

"मी सांगायला पाहिजे होतं काय, आनंदाभाऊ?" बाबालाल म्हणाला. "मातीला आलतो मी. मागं उभा होतो. तवापासून तुमच्या गल्लीतनं जात नाही."

"आणखी कुणाला बोललास?"

"न्हाई."

"बोलू नकोस. मंजिरीला तर नाहीच."

"एक शपथ हाय, त्यावर आनि कशाला," तो म्हणाला. मी उठलो तेव्हा त्यानं माझा दंड धरला आणि सोडला.

घर तीन मिनिटांवर होतं. मी गल्लीला दोन फेऱ्या घातल्या. मग तिसरी. पिशवी ह्या हातातून त्या हातात. मंजिरी फाटकात उभी राहून माझ्या वाटेकडे बघत असणार हे मला दिसत होतं. "आधी की नंतर?" हे ती पुन्हा विचारणार होती. जानेवारी म्हणालो की ती मोजणार. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. आईच्या हातचे डिंकाचे लाडू, पहाटेची शेगडी, बाळाचं न्हाऊमाखू. चाळीस दिवस. एकेक दिवस ती मोजत बसेल, आणि मग त्या मुलीकडे बघेल, कडेवरच्या.

मी फिटर माणूस. मला गोष्टी रचता येत नाहीत. पण मशीन का बिघडलं हे सांगता येतं. तिसऱ्या फेरीला मला व्हॉल्व आठवला.

मंजिरी फाटकातच होती.

"काय म्हणाले?"

"बाबालालनंच बदलला. जानेवारीत."

तिचा हात फाटकावर आवळला गेला. "जानेवारीत? मग..."

"पण गाढवानं नुसता डबा बदलला. व्हॉल्व जुनाच ठेवला. व्हॉल्व अडकलेला होता. तो उघडला नाही तर डब्यातली वाफ जाणार कुठं? नवा डबा घालून उपयोग काय? पंधरा दिवसांत परत वास सुरू झाला. तुझी आई सांगायला गेली होती त्याला. त्यानं लक्ष दिलं नाही."

सात वर्षांत दुसऱ्यांदा मी त्या माणसाच्या कामाला नावं ठेवत होतो.

"म्हणजे वास होता," मंजिरी म्हणाली.

"होता."

"मी इथं होते तेव्हापण?"

"शेवटपर्यंत होता."

"म्हणजे तिलाही वासच वाटत होता. तिला माहीत नव्हतं."

"तिला कसं माहीत असणार? मलाच कळलं नाही."

ती पायरीवर बसली. रडली नाही. मग मान वर करून म्हणाली, "तुम्ही एकदा तरी बॉनेट उघडायचं होतं, बाबा. आयुष्यभर लोकांची मशिनं उघडलीत. ती सांगत होती ना तुम्हाला? वास गेला असता तर मळमळ कशाची हे तरी कळलं असतं. एकदा उघडायचं होतं."

"हो," मी म्हणालो. "उघडायला पाहिजे होतं."

त्यात खोटं काही नव्हतं.

आत बाळ उठलं. ती गेली. मी कामाला लागलो. नवा डबा बसवला, चांगला व्हॉल्व काढून त्या जागी नवा घातला, पाइप बदलला, क्लिपा आवळल्या, टाकीला नवं झाकण लावलं. सकाळपासूनचं ते फाटकापर्यंत जाणं-येणं थांबलं होतं. नेलपॉलिशची बाटली पायरीवरच राहिली होती. मी प्रत्येक स्क्रूवर एक ठिपका दिला. मग बॅटरी जोडली आणि गाडी सुरू केली. पहिल्या किल्लीला चालू झाली.

पाच वाजता जयसिंगपूरचे मगदूम सर आणि त्यांच्या बाई आल्या. सरांनी टायरला लाथ मारून बघितली, बॉनेट उघडून काही न कळता मान हलवली. बाई सरळ पुढच्या सीटवर, शालनच्या जागेवर, जाऊन बसल्या.

"वास वगैरे काही येत नाही ना हो?" सरांनी बाहेरून विचारलं. "हिला लगेच गाडी लागते."

"नाही बाई," त्या आतून म्हणाल्या. "काही वास नाही."

मंजिरी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

किल्ली देताना मी सरांना म्हणालो, "पेट्रोल भरताना नळी कट झाली की बंद करायचं. राउंड फिगर करत बसायचं नाही."

"का?"

"गाडी खराब होते."

"असं होय? आम्ही तर नेहमी करतो."

"आम्हीपण करायचो," मी म्हणालो.

मंजिरी दुसऱ्या दिवशी सासरी गेली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. फोन केला की बाळाला द्यायची. दोन वर्षं तसंच चाललं, मग हळूहळू सैल झालं. आता आठ वर्षं झाली. बाबालालकडं मी अधूनमधून जातो, रिक्षाच्या टपावर कोपर टेकून चहा पितो. त्या गाडीचं आम्ही काढत नाही.

गाडीतून काढलेला तो डबा आणि व्हॉल्व मी तेलकट कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. ह्या दिवाळीला मंजिरी साफसफाईला स्टुलावर चढली आणि ते पुडकं तिच्या हाती लागलं. कागद उलगडून ती बघत राहिली.

"बाबा, हा खराब डबा अजून कशाला ठेवलाय?"

"राहू दे."

तिनं तो नाकाशी नेला. डोळे मिटून जरा वेळ तसाच धरला.

"अजून येतो वास," ती म्हणाली.

"येत असेल," मी म्हणालो, आणि तिच्या हातातून तो घेऊन परत कागदात गुंडाळला.